उपाशी माणसाच्या हातचं

आमच्या चर्चमध्ये मला 'उपासवाली सिस्टर' म्हणत. तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या पोराची परीक्षा असो, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलेला असो, महिला संघाच्या बायका आधी माझ्याकडे यायच्या. सिस्टर, एक दिवस धरा आमच्यासाठी. मी धरायची. शुक्रवार तर माझा ठरलेलाच होता. सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून जन्म काढला, आधी मुखेडला, मग लातूरला, शेवटी नांदेडला. पोटात कावळे ओरडत असताना ड्यूटी करायची अशी काही सवय लागली होती, की पोटभर जेवलेल्या दिवशीच मला चुकल्यासारखं वाटे.

उपासाची एक नशा असते, हे कुणी सांगत नाही. पहिले तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, माझी तर जरा जास्तच. चौथ्या दिवसापासून सगळं हलकं होतं. दुपारचं ऊन अंगणात पाण्यासारखं हलायला लागतं. आवाज लांबून येतात आणि तरी स्वच्छ ऐकू येतात: गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी, गुरुद्वाऱ्याकडून वाऱ्यावर येणारं कीर्तन, लिंबाच्या झाडातला भारद्वाज. वासांना धार येते. शेजारी कुणी भाकरी तव्यावर टाकली तर तिचा पापुद्रा कधी सुटला हे मला घरात बसून कळे. अशा वेळी डोळे मिटले की वाटतं, कुणीतरी अगदी शेजारी येऊन बसलंय, फक्त बोलायचं बाकी आहे. त्या बोलण्यासाठी मी उपाशी राहायची.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. हार, नारळ, शाल, भाषणं, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटे उठले, वेणी घातली, आणि मग कुठं जायचं हे न सुचून तशीच पलंगावर बसून राहिले. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

तेवढ्यात लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या चर्चने गावाबाहेर एक प्रार्थनाभवन बांधलं होतं. लांबून येणाऱ्या आजारी माणसांना तिथं राहता येणार होतं आणि त्यांना एक वयस्क, विश्वासू, नर्सिंग जाणणारी बाई हवी होती. बहीण म्हणाली, तुझ्यासाठीच बांधलंय असं समज. स्वतंत्र खोली, पुढं बाग, सकाळ-संध्याकाळ उपासना. मला ते इतकं आवडलं की त्याचीच भीती वाटली. आपल्याला जे एवढं आवडतं ते देवाच्या मनात असेलच असं नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. विचारायची माझी रीत एकच होती. भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा उपासकाळ लागतो त्या दिवसापासून, चाळीस दिवस धरायचे ठरवले: दिवसभर फक्त पाणी, संध्याकाळी प्रार्थनेनंतर एक वेळ जेवण. ईस्टरपर्यंत लातूरला उत्तर द्यायचं होतं.

हा उपास खरं तर मी गुपचूप करायला हवा होता. प्रभूनेच तसं शिकवलंय. पण मी पाळकीणबाईंना, आमच्या पास्टरांच्या बायकोला, सांगितलं, त्यांनी महिला संघाच्या ग्रुपवर टाकलं, आणि रोज संध्याकाळी कुणी ना कुणी 'सिस्टर, आज सातवा दिवस' असं लिहून खाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवू लागलं. मी वरवर नको नको म्हणायची आणि मोबाइल मात्र दहा वेळा उघडून बघायची. माझ्या आवडीची गोष्टही मी त्याच दिवसांत पुन्हा एकदा संघात सांगितली, विहिरीवरची. प्रभू दमून विहिरीपाशी बसलाय, शिष्य गावातून खायला घेऊन येतात, आणि तो म्हणतो की माझं अन्न वेगळं आहे. ज्यानं मला धाडलं त्याच्या मनासारखं करणं, हेच माझं जेवण. उपासावर बोलायचं झालं की मी हीच गोष्ट घ्यायची. त्याच गोष्टीत तो एका परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतो, ते तर मी खास जोर देऊन सांगायची. ते आमच्या बाजूचं होतं ना.

नवव्या दिवशी समोरच्या घरातले गृहस्थ आले. दोन वर्षांपासूनचे शेजारी, सरकारी ऑफिसात नोकरी, बोलायला मऊ. त्यांची बायको उमरीला शाळेत शिकवते, सकाळच्या गाडीनं जाते आणि दिवेलागणीला परत येते. त्यांनी सांगितलं की गावाकडं आईला अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून तिला इकडं आणलंय. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि घास गिळताना ठसका लागतो. दुपारी कामवाली बाई भरवते, तर आई परवा एवढी गुदमरली की डोळे पांढरे केले. डॉक्टर म्हणतात, तोंडानं पुरेसं जेवण गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आईनं नळीची धास्ती घेतलीय. तुम्ही सिस्टर आहात, दुपारचं एक वेळचं तेवढं भरवाल का?

ते बोलत होते आणि मी त्यांच्या गावाचं नाव आणि आई कुणाच्या घरची ते ऐकून गार पडले होते. मुखेडच्या पलीकडचं ते गाव माझंही होतं. मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते."

आम्हा ख्रिस्ती माणसांची ही एक सोय आहे. जे करायचं नसतं त्याला आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही. प्रार्थना करून सांगतो.

ते घर मला पुरतं माहीत होतं. आमच्या आईनं त्या घरच्या शेतात आणि खळ्यावर अर्धं आयुष्य काढलं. आमचे लोक आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. वस्तीत मातीच्या भिंतींचं एवढंसं चर्च होतं, रविवारी टाळ-ढोलकीवर गाणी होत. पण गावाच्या लेखी आम्ही जे होतो तेच होतो आणि वस्ती होती तिथंच होती. त्या घरची मालकीणबाई मोठ्या आवाजाची, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिच्या दारावरून कुणी उपाशी जात नाही अशी तिची ख्याती होती. कासार येवो, फकीर येवो, एस.टी.चा कंडक्टर पाणी प्यायला येवो, तिचा पहिला प्रश्न एकच, जेवलास का? घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ती ताटावर बसत नसे. गडी शेतावरून उशिरा आला तर तोवर तीही तशीच. उपाशी माणसासमोर आपण खायचं नाही, हा त्या घरचा नेम होता. अख्खं गाव हे कौतुकानं सांगे.

आम्हाला मात्र ती विचारत नसे. मागच्या दाराशी आई पदर पसरून उभी राही आणि मालकीणबाई उंबऱ्यातून, हात लागू नये एवढ्या उंचीवरून, भाकरी सोडून देई. वर चटणीचा गोळा. मी नऊ वर्षांची असताना एकदा आईबरोबर गेले होते. माझ्याही ओंजळीत वरून अर्धी भाकरी पडली, गरम. मी ती आईच्या पदरात टाकली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. आईनं विचारलं, तर म्हटलं, भूक नाही. पोटात आग पडली होती आणि तरी मला आपण फार उंच झाल्यासारखं वाटत होतं. पुन्हा म्हणून त्या दारचं काही घेणार नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. माझा पहिला उपास तो. त्यात प्रभू नव्हता, नुसता राग होता. पण त्याची चव पुढच्या सगळ्या उपासांसारखीच होती, हे माझ्या लक्षात यायला पन्नास वर्षं लागली.

दोन दिवस मी प्रार्थना केली. म्हणजे गुडघ्यांवर बसले आणि मनातल्या मनात त्या बाईशी भांडले. प्रभू काही बोलला नाही. अकराव्या दिवशी दुपारी समोरून ठसका ऐकू आला. ठसक्याचं मला काही नव्हतं, पण त्याच्यामागून जी शांतता येते ती नर्सच्या कानाला लगेच कळते. मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. डांबर तापलेलं होतं, तळवे पोळले, ते मला घरी आल्यावर समजलं. म्हातारी खुर्चीत कलंडली होती, कामवाली बाई वाटी हातात धरून थिजली होती. म्हातारीला पुढं वाकवून पाठीत चार दणके घातले. घास बाहेर आला, श्वास आला, आणि तोंडावर रंग आला. त्यानंतर प्रार्थना करून सांगायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी साडेअकराला जाऊ लागले.

अर्धांगवायूच्या माणसाला भरवणं हे घाईचं काम नाही. आधी ताठ बसवायचं, पाठीला दोन उशा. हनुवटी खाली, छातीकडं. पातळ काही द्यायचं नाही, पातळच घात करतं. आम्ही ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दह्यात घट्ट कालवायचो. अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. मग थांबायचं. कंठ वर जाऊन खाली आला का बघायचं. मग तिला 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला आला तर अजून गळ्यात काही आहे, मोकळा आला तर पुढचा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास लागे. गावावर आवाज टाकणारी ती बाई दोन उशांमध्ये एवढीशी झाली होती. गोंदण तेवढं तसंच हिरवं होतं. मी तिला 'आजी' म्हणायची, दवाखान्यात सगळ्यांनाच म्हणतो तसं. तिनं मला ओळखलेलं दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही.

याला मी सेवा वगैरे म्हणत नव्हते. मला हा सरळ सरळ अडथळा वाटे. माझं खरं काम माझ्या घरात होतं, गुडघ्यांवर, उत्तराची वाट बघत. साडेअकराला प्रार्थनेतून उठताना मी प्रभूला म्हणायची, जरा थांब, एवढी म्हातारी भरवून येते. आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून म्हणत होते.

त्या दुपारी मात्र मला अजून स्वप्नात दिसतात. खिडकीला लावलेला ओला पडदा, त्यातून गाळून येणारा हिरवट उजेड. बाहेर लिंबाचा मोहोर गळत असायचा, त्याचा कडसर गोड वास. कामवाली बाई स्वयंपाकघरात भांडी लावत काहीतरी गुणगुणत राही. मी उपाशी, त्यामुळे सगळंच जमिनीपासून दोन बोटं वर तरंगणारं. चमचा माझ्या हातात आहे की हातच चमच्याला लागलाय, कळू नये असं. म्हातारी घास तोंडात धरून डोळे मिटे आणि मी तिच्या गळ्याकडं बघत राही. कंठ वर गेला, खाली आला, की माझ्याच पोटात काहीतरी ऊनऊन उतरल्यासारखं वाटे. घरी गुडघ्यांवर तासन् तास बसून जे कुणी शेजारी आल्याचा नुसता भास होई, ते इथं येऊन बसलेलं असे, आणि मी त्याच्याकडं लक्षही देत नसे. मी मला समजावायची, भुकेनं असं होतं. ग्लुकोज कमी झालं की माणसाला काहीही वाटतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन येई. काही कळलं का? मी म्हणायची, अजून नाही. ती म्हणे, अगं, इथं खोलीला रंग देऊन राहिलेत, तुला कुठला आवडतो ते तरी सांग. मी म्हटलं, पांढरा.

म्हातारीच्या हळूहळू अंगी लागत होतं. आठ चमच्यांवरून ती पूर्ण वाटीवर आली. सून बिचारी गुणाची, रविवारी माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, सिस्टर, नळी टळली वाटतं. आणि तेविसाव्या दिवशी म्हातारीनं तोंड मिटलं.

मी चमचा ओठांशी नेला, तिनं मान फिरवली. दुसऱ्या बाजूनं नेला, पुन्हा फिरवली. वाटलं, आज मन नाही. पण दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मुलगा, रात्री सून भरवायला बसले तरी दोन घासांवर ती जात नव्हती, आणि दुपारी माझ्या हातून तर एक कणही नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले. सोमवारी नळी, म्हणाले. तो शनिवार होता. मुलगा फाटकाशी उभा होता. म्हणाला, तिनं शपथ घातलीय, मला नळी लावून ठेवू नको म्हणून. आता तुम्हीच काय ते बघा.

मी बघितलं. दही बदललं, कण्यांत गूळ घातला, रागावले, चुचकारलं, लहान पोरासारखं गाणंसुद्धा म्हटलं. ओठ घट्ट. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिनं मला ओळखलं. कामवालीनं सांगितलं असेल, सिस्टर कुठल्या गावची, कुणाची. आता हिला माझ्या हातचं चालत नाही. मरणाच्या दारात टेकलीय आणि अजून उंबऱ्यातून खाली उतरत नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं जो राग मी घडी घालून ठेवला होता त्याला आता कारण मिळालं. तापात आल्यासारखे माझे कान गरम झाले. मी वाटी खाली ठेवली.

"मालकीणबाई," मी म्हटलं, "तुमच्या खळ्यावर यायची ना, वस्तीतली, डाव्या पायानं लंगडायची, तिची थोरली लेक मी. आता ठरवा, माझ्या हातचं खायचं का नाही ते."

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिली. तिची जीभ जड होती, एकेक शब्द ओढून आणावा लागे, पण मला आता तिचं बोलणं सवयीनं समजत होतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पयल्या दिशीच वळखलं. तोंड मायवर गेलंय तुजं."

पहिल्या दिवसापासून म्हणजे, त्या सगळ्या वाट्या तिनं ओळखून खाल्ल्या होत्या. मी विचारलं, मग आता तीन दिवस काय झालं? तिनं डावा हात उचलला, बोट माझ्याकडं केलं.

"तू जेवलीस का?"

मग कामवाली दारात आली आणि तिनं कबूल केलं. तीन दिवसांपूर्वी बोलता बोलता ती म्हणून गेली होती की सिस्टर लई देवमाणूस, महिना होत आला, दिवसभर पोटात अन्न नाही आणि तशाच तुम्हाला भरवायला येतात. तेवढं ऐकलं आणि म्हातारीनं तोंड मिटलं.

"उपाशी माणसाच्या हातचं म्या कदी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "आदी तू."

मी तिला समजावलं. आमचा नेम आहे, देवासाठी आहे, संध्याकाळी जेवते मी. पंधरा दिवस राहिले फक्त. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि डोळे मिटले. तिच्या बाजूनं बोलणं संपलं होतं.

मी उठून बाहेर ओट्यावर गेले. ऊन पांढरं पडलं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी प्रभूशी चांगलीच भांडले. चाळीस दिवस तुझी इच्छा विचारण्यासाठी धरलेत, अख्ख्या मंडळीला माहीत आहे, आणि तू मधेच ही म्हातारी आडवी घालतोस. एक शब्द बोलला नाहीस महिनाभर. आता तरी बोल. तो बोलला नाहीच. लिंबाचा मोहोर गळत राहिला. मला भोवळ आल्यासारखं झालं आणि मी खांबाला टेकून खाली बसले, आणि तिथं, डोळे अर्धवट मिटलेले असताना, ती विहीर मला दिसली. माझी नेहमीची, हजार वेळा सांगितलेली. शिष्य अन्न घेऊन उभे आहेत आणि तो म्हणतोय, माझं अन्न वेगळं आहे. मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते की बघा, देवाचं करणाऱ्याला जेवणाची गरज नाही. तो तसं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता की ते करणं हेच जेवण. आणि मला ज्या घरात ते करायचं होतं तिथं ते उपाशीपोटी होत नव्हतं.

आणखी एक होतं. विहिरीवर तो त्या बाईला काही देण्याआधी तिच्याकडं मागतो. तहान लागलीय, तुझ्या भांड्यातलं पाणी दे, म्हणतो. हे मी आमच्या बाजूचं म्हणून मिरवत आले, पण मी स्वतः कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्या घरच्यांकडं तर नाहीच. नऊ वर्षांची असताना ओंजळ रिकामी केली ती केलीच.

मी आत आले. म्हटलं, "द्या."

मला वाटलं, कामवाली दुसरी वाटी आणेल. म्हातारीनं नको म्हणून मान हलवली. तिचा डावा हात आधीच वाटीत गेला होता. कण्या निसटत होत्या, तिनं कसाबसा एक घास गोळा केला आणि वर उचलला. ती खुर्चीत खोल बसलेली, मी उभी. तिचा हात माझ्या कमरेच्या वर पोचत नव्हता. मी खाली वाकले, मग आणखी वाकले, मग सरळ गुडघ्यांवर बसले. घास माझ्या तोंडात गेला, अर्धा साडीवर पडला. तिची बोटं माझ्या ओठांना लागली. रखरखीत होती आणि थंड. कण्यांतलं दही आंबट लागत होतं, मीठ कमी होतं. मला रडू आलं आणि मी रडत रडत गिळलं. नर्सची खोड, माझ्याच कंठाकडं लक्ष गेलं.

मग मी चमचा भरला. तिनं अजून तोंड उघडलं नाही. तिला काही बोलायचं होतं.

"तुज्या मायला म्या कदी इचारलं न्हाई."

काय विचारलं नाही, ते मला विचारावं लागलं नाही. मी तिला तिथल्या तिथं माफ केलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. मला आई आठवली, पदर पसरून उभी असलेली, आणि मला फार राग आला. त्या रागासकट मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड उघडलं. अर्धा चमचा, चांगल्या बाजूच्या गालात, हनुवटी खाली. एक तिला, एक मला. वाटी संपली तेव्हा एक वाजून गेला होता. घरी येऊन मी पलंगावर पडले आणि गाढ झोपले. पोट तर अर्ध्या वाटीनं भरलं नव्हतं, पण आत कुठंतरी मी तुडुंब होते. तसं मला कुठल्याच उपासात झालं नव्हतं.

सोमवारी नळी आली नाही. मी ग्रुपवर लिहिलं, शनिवारी उपास मोडला. त्याखाली एकीनं 'प्रभू क्षमाशील आहे' असं टाकलं. पाळकीणबाई घरी आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सिस्टर, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला राग आला, पण चहा केला त्यांच्यासाठी. स्वतःसाठीही केला. लातूरला मी कळवलं की मला जमायचं नाही. पांढऱ्या खोलीचं वाईट वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं.

बहिणीला ते पटलं नाही. समोरासमोर विचारायला म्हणून ती उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सकाळच्या गाडीनं नांदेडला आली. त्या दिवशी आमच्यात लहान पोरंसुद्धा उपास धरतात. बारा ते तीन उपासना असते. प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेकावर एकेक जण बोलतो. लग्न झाल्यापासून मी तिची बाराची सुरुवात कधी चुकवली नव्हती. बहिणीला म्हटलं, तू हो पुढं, माझी जागा धर. आणि समोर गेले. म्हातारी वाट बघत होती. आता तिच्या डाव्या हाताला बरा जोर आला होता, घास फारसा सांडत नव्हता. मी बसले तसं तिनं नेहमीचं विचारलं, आणि मी नेहमीसारखं म्हटलं, न्हाई, तुमच्यासंगं.

चर्चला पोचले तेव्हा पाचवा उद्गार चालू होता, तहानेचा. आत पंखे संथ फिरत होते, लोक उपासानं मलूल झाले होते, खिडकीतून येणारा उजेड पाण्यासारखा हलत होता. मी मागच्या बाकावर, बहिणीनं धरलेल्या जागेवर जाऊन बसले. माझ्या बोटांना दह्याचा वास येत होता. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, तिला तो आला असणार.

"आज तरी धरायचा होतास," ती हळूच म्हणाली.

"ती जेवली," मी म्हटलं.